काठीवरची खडूची खूण

आमच्या आत्याचं घर सिलतऱ्याच्या पुढे, मोठा रस्ता सोडून चार किलोमीटर आत. धानकापणीच्या दिवसांत ट्रॅक्टर त्या वाटेची पार दैना करतात. दोन्हीकडे खोल चाकोऱ्या आणि मध्ये मातीचा उंच वरंबा. तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेला आमची छोटी कार त्या वरंब्यावर पोट टेकून बसली ती हलेचना. बाबा तेव्हा ऐंशीला आलेले, आत्या त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी, घरातही भिंत धरून चालणारी. चिखल तुडवत जाणं बाबांना शक्य नव्हतं. ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली आणि आम्ही अर्ध्या वाटेतून बूढापाऱ्याला घरी परत आलो. त्या वर्षी ओवाळणी फोनवर झाली. म्हणजे आत्या रडली आणि बाबा फोन कानाला लावून नुसते बसून राहिले.

मला तो प्रसंग फार लागला. पुढच्या भाऊबीजेच्या आत मी चारही चाकांना जोर असलेली एक जुनी जीप घेतली. कुठलीही गोष्ट हाती घेतली की मी तिच्या मागे हात धुऊन लागतो, तसा मी टायरांच्या मागे लागलो. जीपच्या टायरवर लिहिलं होतं २१५/७५ आर १५. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरची बाजूची भिंत त्या रुंदीच्या किती टक्के उंच आहे ते. शेवटचा रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! ज्यानं कोणी हे ठरवलं त्याला भेटून दोन शब्द सुनवावेत असं मला अजूनही वाटतं. पण गणित मांडलं तेव्हा टायरची उंची पावणेअठ्ठावीस इंच निघाली. मला हवे होते एकतीस इंचांचे, जाडजूड, खोल नक्षीचे.

बाबांची नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपात, वॅगनची चाकं मापण्यात गेली. त्यांना माझं गणित पटलं नाही असं नाही, पण त्यांची रीत वेगळी. त्यांनी टायरवर खडूनं एक रेघ मारली, तिच्या खाली फरशीवर एक मारली, मला जीप ढकलायला लावली आणि चाकाचा एक पूर्ण फेरा झाला तिथे तिसरी रेघ ओढली. मग टेपनं अंतर मोजून मनात भागाकार करायला क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, उंची सत्तावीस आणि वर थोडं. टायरवर गाडीचं वजन पडलं की तो जरा दबतो, हेही त्यांनीच सांगितलं. मी नव्या टायरांचं म्हणालो तेव्हा त्यांनी एवढंच समजावलं की टायर सव्वातीन इंच वाढला तरी गाडी तेवढी चढत नाही. वाढ अर्धी धुऱ्याच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, वर जाते, अर्धी खाली. गाडी उचलली जाणार दोन बोटं.

"फक्त दोन बोटं," मी म्हणालो होतो. मला ती कमीच वाटली होती.

भनपुरीचा टायरवाला भला माणूस. त्यानं आधीच सांगितलं की त्या वाटेला जीपचे आहेत तेच टायर पुरे, थोडी हवा कमी करा आणि चाक चाकोरीत न घालता वरंब्यावरून न्या. पण मी कशाला ऐकतो? मग तो म्हणाला की जुने आणि नवे दोन्ही टायर पंधराच्या रिमचे असले तरी नवे त्या सहा इंच रुंदीच्या रिमवर नीट बसणार नाहीत, आठ इंची रिम लागतील. तेही घेतले. गल्लीत ठेवायला जागा नव्हती म्हणून जुने टायर रिमसकट त्याच्याकडेच टाकले. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासायचा, पण जीप दिसायची अशी झोकदार की गल्लीतले लोक थांबून बघायचे.

बाबांनी काठी टेकत जीपभोवती एक चक्कर मारली, दाराशी जरा थांबले आणि आत निघून गेले. चांगली आहे असंसुद्धा म्हणाले नाहीत. मला राग आला.

भाऊबीजेला आठ दिवस उरले आणि त्यांची कारणं सुरू झाली. पोट ठीक नाही, झोप होत नाही, इतक्या दूर कशाला. शेवटी माझा तोल गेला.

"काहून नाही म्हणून राहिले तुम्ही? तुमच्यासाठीच तर घेतली ना गाडी?"

"तू जाऊन ये," ते म्हणाले. "तिले सांग, मी बरा आहो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंघोळीला गेले असताना दाराआडची त्यांची काठी मी सहज हातात घेतली. काठीवर खडूच्या दोन रेघा होत्या, एकीच्या वर एक. मधलं अंतर दोन बोटांचं. ते बाहेर आले तेव्हा मी काठी तशीच धरून उभा होतो.

"खालची माह्या पायाची," ते म्हणाले. "वरची तुह्या गाडीची."

मी जन्मभराचा शहाणा. जगातले सगळे आकडे पाठ केले आणि बापाचा गुडघा किती वर उचलला जातो ते मापलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत स्वयंपाकघरातून लाकडी पाट आणला आणि जीपच्या पायरीखाली ठेवला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ज्या पाटावर जेवायला बसतो त्यावर चप्पल ठेवायची का, एवढंच विचारलं. आमच्याकडे ते होत नाही, मलाही माहीत होतं. मग स्टुलाचं विचारलं, तर म्हणाले की बहिणीच्या दारात मला पोत्यासारखा चढवू-उतरवू नको.

मी त्याच दिवशी भनपुरीला गेलो. जुने टायर आणि रिम दुकानामागे तसेच पडले होते. नव्या रिमवर जुने टायर चालले नसते, म्हणून दोन्ही बदलून घेतले. टायरवाला मी निघेपर्यंत हसला नाही, हे त्याचे उपकार.

भाऊबीजेला बाबांनी दाराची मूठ धरली, उजवा पाय पायरीवर ठेवला आणि चढले. सिलतऱ्याच्या पुढे मी हवा कमी केली आणि एक चाक वरंब्यावर ठेवून हळूहळू नेलं. आत्यानं खुर्चीत बसून ओवाळलं. तबक तिला पेलेना, म्हणून बाबांनी ते खालून धरलं होतं. मला बाहेर जाऊन डोळे पुसावे लागले.

यंदा दिवाळीच्या आधी काठीवर नवी रेघ दिसली, पायाच्या जुन्या रेघेच्या दोन बोटं खाली. याहून लहान टायर त्या जीपला बसत नाहीत, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

भाऊबीजेच्या सकाळी जीपचं दार उघडलं तर सीटखाली आमचा पाट. त्यावर जुन्या स्कूटरच्या टायरचा तुकडा बारीक खिळ्यांनी नीट ठोकलेला. बाबा मागून आले.

"आता तो जेवायचा नाही राहिला," ते म्हणाले.

मी पाट पायरीखाली मांडला. त्यांनी त्यावर पाय ठेवला, काठी माझ्याकडे दिली आणि रिकामा झालेला हात माझ्यापुढे केला.