कंटेनरायझेशन आणि अप्पांची टाळी

रविवारी सकाळी आमच्या कामोठ्याच्या घरात एक भलामोठा इंग्रजी शब्द घुमला... आणि तो मी शिकवलेला नव्हता.

अप्पा, म्हणजे माझे सासरे, न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनर तपासायच्या कामावर होते. तीन महिन्यांपूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं. समजतं सगळं, पण जीभ जड झालीय. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा, गप्प बसले तर अवघड होईल.

मी घरी इंग्रजीच्या ट्यूशन्स घेते. मोठ्या शब्दाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला एक टाळी... चौथीची पोरं अशीच शिकतात. माझा शहाणपणा बघा, तेच अप्पांना लावलं. "वाजवा टाळी" म्हटलं. अप्पांनी न हलणाऱ्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्यानंतर बारा दिवस एक शब्द नाही. मला माझीच इतकी लाज वाटली, काय सांगू. ते कायमचे गप्प झाले तर ते माझ्यामुळे, हेच डोक्यात.

रविवारी त्यांचे कामावरचे जुने सोबती, उरणचे बाळारामकाका आले. त्यांना सगळं सांगून टाकलं. "त्याला पोरासारका शिकवू नको गो," काका म्हणाले. "आमी यार्डात नंबर वाचायचो, तसा वाचू."

यार्डात कंटेनरचा लांबलचक नंबर दोघांनी वाचायचा. एकाने एक तुकडा म्हणायचा, दुसऱ्याने तो परत म्हणायचा, मगच पुढचा. चुकलं तर पहिल्यापासून, आणि चिडायचं नाही.

काकांनी शब्दही अप्पांचा लाडका काढला, कंटेनरायझेशन, म्हणजे माल कंटेनरमध्ये भरून पाठवायची पद्धत. पूर्वी पाहुणे आले की अप्पा तो हमखास ऐकवायचे.

"कन्," काका म्हणाले. मग नुसते वाट बघत बसून राहिले. मला कुठलं थांबणं जमतंय, मी दाराची चौकट घट्ट धरून उभी... बऱ्याच वेळाने अप्पांकडून आलं, "कन्." मग टे, मग नर. 'आय'ला अडकले, पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या खेपेला सहाही तुकडे आले... कन्-टे-नर-आय-झे-शन. बोबडे, पण आले.

"मिळाला," काका म्हणाले. नंबर जुळला की यार्डात असंच म्हणायचे म्हणे.

मी दारात उभी राहून रडत होते. अप्पांनी डाव्या हाताने मला जवळ बोलावलं आणि तोच हात माझ्यापुढे उघडा धरला. मला आधी कळेना. मग म्हणाले, "टा...ळी."

दिली. एक हात त्यांचा, एक माझा.

काका, तुमचे उपकार आहेत हो. तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, माहीत आहे. पुढच्या रविवारी या, अप्पाच हे लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवतील. वेळ लागेल... मी मध्ये बोलणार नाही.