न्याय आधी की शांती आधी

मैत्रिणी मला विचारतात, तू तर तोंड उघडत नाहीस, मग तुझ्याकडे एवढे किस्से येतात कुठून? अगं, म्हणूनच येतात. बोलणाऱ्यासमोर माणसं सावध होतात. कोपऱ्यात बसून चहाचे कप गोळा करणाऱ्या नव्या सुनेसमोर कोण सावध होतंय? आणि बैठक चर्चवाल्यांची, त्यात विषय शांतीचा असेल तर विचारूच नका. शेवेच्या डब्याच्या तळाशी चुरा साठतो ना, तसे किस्से साठतात. कोणी मुद्दाम साठवत नाही, पण डबा हलवला की आहेतच.

आधी घरची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी धुळ्याची, कॅथलिक. सासर जळगावचं, प्रोटेस्टंट. इकडे त्यांच्या चर्चला सगळे नुसतं मिशन चर्च म्हणतात. लग्न तिथेच झालं, पाळकसाहेबांनी लावलं. आमचे फादरही आले, आशीर्वाद देऊन गेले. फादरना चाललं. माझ्या बाबांना नाही चाललं. ते लग्नाला उभे राहिले, पण पंगतीत बसले नाहीत. 'मी जेवणार नाही' म्हणाले आणि सरळ एसटी स्टँडकडे चालू पडले.

तेव्हापासून त्यांनी माझ्या सासरचा उंबरा ओलांडला नव्हता. जळगावला यायचे, फाटकावरून पिशवी द्यायचे, "बरी आहेस ना?" विचारायचे आणि तिथूनच वळायचे. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन फाटकापर्यंत जायच्या. पाणी प्यायचे. रस्त्यावर उभं राहून.

अशातच खान्देशातल्या चर्चनी ठरवलं की आपण सगळ्यांनी मिळून न्याय आणि शांतीचे कार्यक्रम करायचे. कॅथलिकांनी धुळ्याहून पाठवले एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेले थॉमसभाऊ, म्हणजे माझे बाबा. मिशन चर्चनं जळगावहून दिले रिटायर्ड मुख्याध्यापक शमुवेल सर, म्हणजे माझे सासरे, पप्पा. बोदवडकडच्या एका प्रार्थना मंडळीच्या आल्या सुमनअक्का. फादर आणि पाळकसाहेब होतेच. आणि हिला दोन्हीकडच्या रीती माहीत आहेत म्हणून समितीत घेतलं मला.

*

पहिली बैठक अमळनेरला. कारण धुळ्याला पप्पा जाणार नाहीत आणि जळगावला बाबा येणार नाहीत, हे कोणी न बोलता सगळ्यांना माहीत होतं. एका शाळेचा वर्ग मिळाला होता. पहिलीचा. बाकं इतकी बुटकी की सगळ्या मंडळींचे गुडघे हनुवटीला लागलेले.

पहिलाच विषय: बॅनरवर काय छापायचं? "न्याय आणि शांती," बाबा म्हणाले. "शांती आणि न्याय," पप्पा म्हणाले.

पाळकसाहेब हसले, त्यांना वाटलं झालंच. पण बाबा पंख्याकडे बघत म्हणाले, "न्याय झाल्याशिवाय शांती कसली? उपाशी माणूस शांत बसतो का?"

पप्पा फळ्याकडे बघत म्हणाले, "उपाशी कोण राहिलं? पान वाढलेलं होतं. ज्याला बसायचं नव्हतं तो बसला नाही."

आता हा विषय बॅनरचा नाही, हे पहिलीच्या वर्गालासुद्धा कळलं असतं. फादर एकदम छताची उंची बघायला लागले. पाळकसाहेबांनी बिस्किटांचा पुडा फोडला.

शेवटी सुमनअक्कांनी निकाल दिला. "दोन्ही बाजूले छापा ना भाऊ. पुढून यायनं, मागून त्यायनं." आणि खरोखर तसंच छापलं. खान्देशात दोन्ही बाजूंनी वेगवेगळं वाचता येणारा बॅनर फक्त आमच्याच समितीकडे असेल.

*

बैठक प्रार्थनेनं सुरू व्हायची. प्रभूची प्रार्थना सगळ्यांना पाठ. पण कॅथलिक ती जिथे संपवतात, तिथून पुढे प्रोटेस्टंटांची आणखी एक ओळ असते, देवाचं राज्य, त्याचं गौरव वगैरे. त्यामुळे पहिल्या बैठकीत फादर आणि बाबा 'आमेन' म्हणून डोळे उघडून बसले आणि समोरचे आपले चालूच. बाबांनी पुन्हा घाईघाईनं डोळे मिटले.

दुसऱ्या बैठकीला फादर मुद्दाम तयारी करून आले. एकोप्यासाठी त्यांनी आणि बाबांनी ती जास्तीची ओळ खणखणीत आवाजात म्हटली. एकट्यांनीच. कारण एकोप्यासाठीच पाळकसाहेब आणि पप्पा या वेळी ओळीआधी थांबले होते.

तिसऱ्या बैठकीला ती जागा आली आणि सगळेच थांबले. डोळे मिटलेले, हात जोडलेले. समोरचे काय करतात याची जो तो वाट बघतोय. बाहेर कोणीतरी ट्रॅक्टर रिव्हर्स घेतला, उभा केला, उतरून गेलासुद्धा. आत शांतता.

मग सुमनअक्कांचा आवाज आला. "आमेन. च्या बठ्ठा थंडा हुई गया."

*

अक्कांच्या प्रार्थनेचा आवाज मोठा. त्यांच्या मंडळीत तसंच असतं, सगळे एकदम आणि मोठ्यानं. पप्पा जन्मभर शाळेत 'शांतता राखा' म्हणत आलेले. एकदा न राहवून म्हणाले, "अक्का, देवाला हळू बोललेलंही ऐकू येतं."

अक्का शांतपणे म्हणाल्या, "देव बहिरा नई शे, सर. मी समितीले जागं करी ऱ्हायनू."

बाबा हसले. पप्पांच्या फजितीवर का होईना, पण बाबा पप्पांसमोर हसले. मी ती गोष्ट घरी येऊन आशिषला, म्हणजे नवऱ्याला सांगितली. तो म्हणाला, "प्रगती आहे."

*

मटणाचा किस्सा मात्र जळगावचा. बैठक कोणाच्या घरी नसून चर्चच्या हॉलमध्ये होती, म्हणून बाबा यायला तयार झाले. पाहुणे येणार म्हणून पप्पांनी स्वतः उभं राहून मटणाचा रस्सा करून घेतला. खान्देशी काळ्या मसाल्याचा. वास पार रस्त्यापर्यंत. मी आदल्या दिवशी माहेरी गेले होते, बाबांबरोबरच एसटीनं परतले, त्यामुळे हे मला आधी कळायला मार्ग नव्हता.

हॉलमध्ये पाऊल टाकताच बाबा थबकले. "आज शुक्रवार," ते म्हणाले.

उपवासकाळ चालू होता. ईस्टरच्या आधीच्या या दिवसांत शुक्रवारी कॅथलिक माणूस मटणाला हात लावत नाही. पप्पांना हे ठाऊक नव्हतं, पण बाबांना वाटलं, ठाऊक होतं. बाबांचा चेहरा असा झाला, जणू त्यांना दुसऱ्यांदा पंगतीबाहेर ठेवलंय.

पप्पांनी ते पाहिलं. म्हणाले, "मग आज इथे कोणीच खाणार नाही." झाकण घातलं. समोरच्या हॉटेलातून शेवभाजी मागवली. मिशन चर्चची सगळी मंडळी, सकाळपासून वास घेत बसलेली, निमूटपणे शेवभाजी जेवली.

पण एवढ्या रश्शाचं करायचं काय? पाळकसाहेबांनी मंडपवाल्या रफिकभाईंना हाक मारली. रफिकभाई म्हणाले, "साहेब, रोजा आहे." वॉचमन गोकुळभाऊंना विचारलं. ते दोन पावलं मागं सरकले. "आज एकादशी शे, साहेब."

पाळकसाहेब पातेल्याशेजारी बसले. म्हणाले, "कमिटी स्थापन झाल्यापासून हे पहिलं सर्वधर्मीय एकमत."

मटण रफिकभाईंच्याच मेव्हण्याच्या दुकानातलं होतं. संध्याकाळी रोजा सोडायला पातेलं त्यांच्या घरी गेलं. दुसऱ्या दिवशी रिकामं पातेलं घासून आलं आणि वर निरोप, "सर, पुढची मीटिंग कधी?"

*

मग पुण्याहून एक मॅडम आल्या, वाद कसे मिटवायचे याचं ट्रेनिंग द्यायला. छान होत्या बिचाऱ्या. त्यांना आमच्याकडचं काही माहीत नव्हतं. त्यांनी जोड्या पाडल्या आणि नेमके बाबा आणि पप्पा एकत्र आले. मी मॅडमना डोळ्यांनी खुणावत होते. त्यांना वाटलं, माझ्या डोळ्यात काही गेलंय. त्यांनी मला रुमाल दिला.

"आता तुम्ही एकमेकांची भूमिका करायची," मॅडम म्हणाल्या. "घडलेलाच एखादा छोटासा प्रसंग घ्या."

पप्पा उठले. शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाटकं बसवलेला माणूस. त्यांनी बाबांसारखी मान ताठ केली, बाबांसारखी काखेत पिशवी धरली, आणि "मी जेवणार नाही" म्हणून तरातरा हॉलबाहेर चालते झाले. इतकं हुबेहूब की सुमनअक्कांनी टाळ्या वाजवल्या.

बाबा खुर्चीत बसून होते.

"आता तुम्ही सर आहात," मॅडम त्यांना म्हणाल्या. "पाहुणा रागावून निघालाय. तुम्ही काय कराल?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "सर उठत नाहीत. त्या दिवशीही खुर्चीतच बसले होते. मी कोपऱ्यापर्यंत मागे बघत गेलो."

तेवढ्यात पप्पा दारात दिसले. परत आले होते, आणि ऐकलंही होतं. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "चहा घेऊया का?"

*

शेवटी शांती रॅली ठरली, जळगावला. परवानगी काढायला पोलीस स्टेशनला गेलो. तिथल्या हवालदारांनी पेन उघडलं. "मोर्चा कोणाविरुद्ध?"

"मोर्चा नाही, रॅली. कोणाविरुद्ध नाही," फादर म्हणाले.

"असं कसं? कोणाविरुद्ध तरी असेलच."

"अन्यायाविरुद्ध लिहा," पाळकसाहेब म्हणाले.

"अन्याय कोणी केला?"

बाबांनी पप्पांकडे बघितलं. त्याच क्षणी पप्पांनी बाबांकडे.

हवालदार अनुभवी होते. त्यांनी परवानगी दिली आणि बाजूच्या शिपायाला म्हणाले, "हे दोघं पुढे चालणार असतील तर मध्ये एक माणूस ठेव."

पण मध्ये माणूस ठेवायला जागाच नव्हती. मध्ये बॅनर होता. एक काठी बाबांकडे, दुसरी पप्पांकडे. बाबा एसटीच्या वेळापत्रकासारखे चालणार, पप्पा शाळेच्या रांगेसारखे. बॅनर कधी ताणून फाटायला यायचा, कधी झोळीसारखा लोंबायचा. उसाच्या रसाच्या गाडीवर एका माणसानं विचारलं, "दोन पार्ट्या आहेत का?" वळणावर वारा आला, बॅनर गर्रकन फिरला, आणि बाबा पप्पांचं 'शांती आणि न्याय' पुढे धरून चालायला लागले, पप्पांच्या पाठीशी बाबांचं 'न्याय आणि शांती'. दोघांनाही कळलं. दोघांनीही सरळ केला नाही.

*

आता शेवटचा. हा रॅली संपल्यावरचा.

मंडळी पांगत होती. बाबा स्टँडकडे निघाले. तेवढ्यात पप्पा मंडपाच्या खांबाला धरून खाली वाकले. गुडघा अडकला म्हणाले. स्कूटर चालवणं शक्य नव्हतं. आशिष खुर्च्या परत करायला टेम्पोबरोबर गेला होता. पाळकसाहेबांना चालवता येत नाही, फादर निघून गेले होते.

"किल्ली आणा," बाबा म्हणाले. "फाटकापर्यंत सोडतो."

मी सुमनअक्कांबरोबर रिक्षानं आधीच घरी पोचले. सासूबाईंना सांगितलं. त्या सवयीनं तांब्या भरून फाटकाकडे निघाल्या.

स्कूटर आली. बाबा उतरले. पप्पा उतरेनात. "धरा जरा," म्हणाले. बाबांनी धरलं. पप्पांनी हात बाबांच्या खांद्यावर टाकला आणि सगळा भार सोडला. तांब्या हातात घेऊन सासूबाई बाजूला झाल्या. फाटक गेलं, पायऱ्या गेल्या, उंबरा गेला. बाबांनी खाली बघितलंसुद्धा नाही, कारण पप्पा प्रत्येक पावलाला कण्हत होते.

बाबांनी त्यांना सोफ्यावर बसवलं. "येतो मी," म्हणाले. पण खांद्यावरचा हात तसाच.

"सर, हात काढा."

"काढला की कळ येते."

"कळ गुडघ्यात आहे. हात खांद्यावर आहे."

"शीर एकच असते," पप्पा म्हणाले.

बाबांना शेजारी बसावं लागलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात पळालो. बट्टी, वरण, घोटलेली वांग्याची भाजी. दोन ताटं आणली.

"मी स्टँडवर काहीतरी खाईन," बाबा म्हणाले.

"खा की," पप्पा म्हणाले. हात तिथेच.

बाबांनी ताटाकडे बघितलं. खांद्यावरच्या हाताकडे बघितलं. मग त्यांनी बट्टी कुस्करली. पप्पा एका हातानं जेवले, कारण दुसरा रिकामा नव्हता. मध्येच बाबा म्हणाले, "वरणाला लसूण जास्त आहे." पप्पा म्हणाले, "धुळ्यात कमी घालतात." "धुळ्यात प्रमाणात घालतात." यावर दोघं इतका वेळ भांडले की बाबांची एक एसटी गेली, मग दुसरीही. सुमनअक्का दारातून डोकावून "बोला, बोला" म्हणून निघून गेल्या. बाबांनी तूप मागून घेतलं.

निघताना त्यांनी मला हळूच सांगितलं, "सरांच्या गुडघ्याला रोज तीळतेल लाव. दुखणं जुनं दिसतंय." मग ते सासूबाईंना नमस्कार करून फाटकाबाहेर पडले. पप्पा सोफ्यावरून हात हलवत होते, पाय स्टुलावर ठेवून.

बाबा कोपऱ्यावर वळले. बाहेर वारं सुटलं होतं, आणि गच्चीवर सासूबाईंच्या कुरडया वाळत होत्या.

"अगं, कुरडया उडतील," म्हणत पप्पा उठले आणि एकेक पायरी गाळत जिना चढून गेले.

सासूबाई जिन्याच्या खाली उभ्या राहिल्या. "अहो, गुडघा?"

वरून आवाज आला, "कुठला?"