सात दिवस मोटार बंद

जगात काळजी करण्यासारखं जेवढं काही आहे, तेवढ्याची काळजी एकट्यानं करून टाकायची असा मक्ता आमच्या घरमालकांनी घेतला होता. नव्वदच्या दशकात बँकेच्या नोकरीपायी मी साताऱ्याहून कुंडलच्या बाजूच्या एका गावात जाऊन पडलो आणि त्यांच्या माडीवर भाड्यानं राहिलो. फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेला धिप्पाड माणूस. सीमेवर गोळ्या चालू असतानाही आपल्याला गाढ झोप लागायची, असं ते सांगत. झोपेचा सगळा कोटा त्यांनी बहुधा तिकडेच संपवला असावा, कारण गावात आल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यातच एकदा रेडिओवर कुणीतरी सांगितलं की पृथ्वी हळूहळू तापत चालली आहे. झालं! दुसऱ्या दिवसापासून हे महाशय रोज सकाळी अंगणातल्या फरशीला तळहात लावून बघायला लागले, तापकरी पोराच्या कपाळाला आई लावते तसा. मी आंघोळीला बसलो की मोरीच्या बाहेर उभे राहत. तिसरा तांब्या अंगावर ओतला की बाहेरून खोकला, चौथ्याला दारावर टकटक. भाडं मी वेळेवर देत होतो, पण पाण्याच्या बाबतीत मी त्या घरात कायम आरोपीच होतो.

घरापुरतं असतं तर मी खपवून घेतलं असतं. पण गावातल्या मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळाचे ते अध्यक्ष होते. दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं म्हणून झाले होते, आणि झाल्यावर मंडळाला पश्चात्ताप करायलाही उसंत मिळाली नाही. दोन अभंगांच्या मधे टाळ जरा थांबले की हे बोलायला सुरुवात करत. देवाला घातलेले हार ओढ्यात टाकायचे नाहीत, देवळामागच्या खड्ड्यात कुजवायचे आणि ते खत तुळशींना घालायचं. कुणी नारळ प्लास्टिकच्या पिशवीतून आणला, की प्रसादाबरोबर तीच पिशवी नीट घडी घालून त्याच्या हातात परत. एका वर्षी महाप्रसादाला शहरातून थर्मोकोलच्या पत्रावळ्या आणायचं ठरलं, तर यांनी दवंडी पिटवली की ज्यानं त्यानं ताट-तांब्या घरून आणावा. गाव खवळलं. पाव्हण्याला ताट घेऊन ये म्हणायचं म्हणजे गावाची अब्रू ती काय राहिली, असा सवाल आला. तेव्हा पाव्हण्यांसाठी म्हणून यांनी स्वतःच्या घरातली झाडून सगळी भांडी देवळात नेऊन ठेवली. त्या दिवशी मालकीणबाईंनी मला भाकरी हातावर दिली आणि तिच्यावरच पिठलं वाढलं. नवऱ्याबद्दल त्या जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण त्यांच्या जिवाला लागलेला खरा घोर होता तो देवळाशेजारच्या बारवेचा. पायऱ्यापायऱ्यांची जुनी विहीर. गावातल्या बायका प्यायचं पाणी तिच्यातूनच भरत. आजूबाजूला ऊस वाढला, विहिरी वाढल्या, विहिरींवर मोटारी बसल्या, आणि चैत्रात बारव तळ दाखवायला लागली. त्या वर्षी हनुमान जयंतीच्या सप्ताहाला टँकर मागवावा लागणार, अशी बोलणी सुरू झाली. सुभेदारांचं जेवण तुटलं. ताटावर बसत आणि भाताकडे बघत राहत. शेवटी सप्ताहाच्या बैठकीत त्यांनी मांडलं, की देवाच्या नावानं सात दिवस वीणा खाली ठेवत नाही, तर देवाच्याच नावानं सात दिवस मोटारी बंद का ठेवू नयेत? बारवेच्या आसपासचा एकही शेतकरी उपसा करणार नाही, असा सगळ्या गावानं मारुतीपुढं शब्द द्यायचा. सगळ्यात जास्त ऊस शेजारच्या आप्पांचा होता, आणि सुभेदारांशी त्यांचं बांधावरून जुनं वाकडं होतं. ते उन्हाकडे बघत म्हणाले, माळावरचा ऊस सात दिवस तहानेनं मरंल त्याचं काय. पण देवळात बसून नाही कोण म्हणणार? नारळ फुटला आणि शब्द दिला गेला.

आता शब्द मिळाल्यावर माणसानं निर्धास्त व्हावं की नाही? यांची काळजी दुप्पट झाली. त्या काळी लाईट कधी येईल, कधी जाईल याचा नेम नसे, म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो बसवून ठेवत. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. नियत साफ असली तरी ऑटो दगा देईल, म्हणून सप्ताहाच्या आदल्या दिवशी हे प्रत्येकाच्या विहिरीवर गेले आणि स्वतःच्या हातानं ऑटो सोडवून आले. कुणावर म्हणून विश्वास टाकला नाही. आणि सप्ताह सुरू झाल्यावर मला भेटेल तिथं एकच प्रश्न, "सायब, कुणाची मोटार ऐकू आली का वो?" पिठाच्या गिरणीचा आवाज ऐकून ते एकदा शेतातून धावत आले. फटफटी गेली तरी कान टवकारत. त्यांच्या नादानं मलाही तेच लागलं. बँकेत बसल्या बसल्या पंख्याची घरघर ऐकून माझ्या छातीत धस्स व्हायचं.

पाचव्या दिवशी दुपारी वीणेचा पहारा सुभेदारांकडे होता. पहारा म्हणजे वीणा गळ्यात घालून उभं राहायचं. पुढचा माणूस येऊन ती आपल्या गळ्यात घालून घेईपर्यंत जागा सोडायची नाही. बँकेला सुट्टी होती म्हणून मीही देवळात बसलो होतो. चार दिवस नवलानं टिकून राहिलेली लाईट त्या सकाळी गेली होती, ती आली, डोक्यावरचा पंखा फिरला, मंडळींना जरा बरं वाटलं. थोड्याच वेळात मागच्या चुलवणावर स्वयंपाक करणाऱ्या बायका काहीतरी कुजबुजायला लागल्या. आप्पा उठून बघून आले आणि सुभेदारांपुढं उभे राहिले. टाळ थांबलेले होते, त्यामुळं ते हळू बोलले तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"सुभेदार, देवळामागनं पाणी चाललंय. पाट तुमचा हाय."

सगळ्या गावाचे ऑटो ज्यानं सोडवले, त्याचा स्वतःचा तेवढा राहिला होता! साऱ्यांवर संशय घेतला आणि भरवसा ठेवला तो नेमका स्वतःवर. तहानलेला ऊस डोळ्यांपुढं ठेवून चार दिवस कळ काढलेली माणसं तिथं बसली होती. त्यांना फक्त एक निमित्त हवं होतं, आणि ते अध्यक्षांनीच पुरवलं होतं. सुभेदारांचा चेहरा पांढराफटक पडला. वीणा गळ्यात, त्यामुळं पळत जाऊन बटण दाबायचीही सोय नाही. ते तसेच उभे राहून बोलले.

"मंडळी, मोटार माझीच हाय. ऑटो काढायचा इसरलो. आता ज्याला आपली चालू करायची त्यानं करावी. मी कुणाला आडवायच्या लायकीचा ऱ्हायलो न्हाई."

आप्पांनी पायात वहाणा सरकवल्या आणि ते निघून गेले. ते स्वतःची मोटार चालू करायलाच गेले, हे सगळ्यांच्या मनात आलं. माझ्याही आलं. कुणीतरी अभंग धरला, पण कुणाचा सूर कुणाला मिळेना. सुभेदार डोळे मिटून वीणेची तार छेडत उभे होते. किती वेळ गेला देव जाणे. मग मागून एक म्हातारी म्हणाली, पाणी थांबलं. आणि आप्पा आले ते सुभेदारांचा ऑटो वायरींसकट उपटून हातात घेऊन. तो त्यांनी मारुतीपुढं ठेवला, हात जोडले आणि जागेवर जाऊन टाळ उचलले.

सात दिवस पार पडले. बारवेच्या तळच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या. महाप्रसादाचा स्वयंपाक तिच्याच पाण्यावर झाला आणि टँकरचं नाव कुणी काढलं नाही. बायका बारवेत वाकून वाकून बघत होत्या. त्या दिवशी सुभेदार पोटभर जेवलेले मी पाहिले.

आठव्या दिवशी सकाळी लाईट आली आणि चहूकडून मोटारी सुरू झाल्या. मी माडीवरून उतरून त्यांच्या विहिरीवर गेलो. सुभेदार स्टार्टरपुढं उभे होते. ऊस पिवळा पडायला लागला होता. "आवं दाबा की आता," असं म्हणून मालकीणबाई थकल्या होत्या. ते माझ्याकडे वळले.

"सायब, देवापुढं सात दिस जमलं. मग आठव्या दिशी काय देव गावाला गेला व्हय?"

त्यांनी बटण दाबलं. ते काही संत नव्हते, ऊस त्यांचाही होता. संध्याकाळी मात्र ते बारवेच्या काठावर एकटे बसून खाली जाणारं पाणी बघत होते, आणि मला त्यांच्या शेजारी जाऊन बसण्यापलीकडे काही करता आलं नाही.

पुढच्या वर्षी सप्ताहाची बैठक बसली तेव्हा साताऱ्याकडच्या मेढ्याला माझ्या बदलीची ऑर्डर आलेली होती. अध्यक्षपद सुभेदारांनी सोडलं होतं, ते मागं खांबाला टेकून बसले होते. कुणीतरी म्हणालं, मोटारींचं मागच्यासारखंच, सात दिवस. वहीत ठराव लिहिणाऱ्यानं मान डोलावली.

"आठ धर," आप्पा म्हणाले.

ऊनही तेच होतं आणि उसाची तहानही तीच. पण एकानंही हरकत घेतली नाही. सुभेदारांनी आप्पांकडे बघितलं आणि टोपी काढून तिनंच डोळे पुसले.

तो सप्ताह मला बघायला मिळाला नाही. मेढ्याला पाऊस उदंड, आणि कामही. पुढं बऱ्याच दिवसांनी सातारच्या स्टँडवर आप्पा दिसले. मी हातातला चहाचा कप सांभाळत गर्दीतून वाट काढत गेलो आणि आधी सुभेदारांची चौकशी केली. तब्येत बरी हाय, म्हणाले. आठवा दिवस पाळला का, हे विचारायला माझी जीभ रेटत नव्हती. ते त्यांनाच कळलं असावं.

"आठ पाळलं की. एक मोटार वाजली न्हाई," आप्पा म्हणाले. "सुभेदार आता नवव्याच्या काळजीनं वाळत चाललाय."

त्यांची एस.टी. लागली, ते गेले. मला मात्र त्या माणसाची फार आठवण आली, आणि हातातला चहा तसाच निवून गेला.