चप्पल काढ म्हणणारे सुपडू नाना

चि. तन्मय आणि चि. सई,

मागच्या आठवड्यात तन्मयने मला चार मोटरसायकलींचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "आजी, पहिली गाडी घेतोय. यातली कुठली?" बाळा, तुला वाटलं असेल, आजीला गंमत वाटेल. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तुझे फोटो आले त्याच्या बारा दिवस आधी सुपडू नाना वारले होते. मोटरसायकल कशी निवडायची हे या जळगावात ज्या एका माणसाला विचारावं, तो माणूस आता नाही. म्हणून त्यांच्याबद्दल लिहिते आहे. तुमची आई हे तुम्हाला वाचून दाखवेल. मध्येच ती थांबली, तर तिला थांबू द्या.

नानांकडे कोणी मुलगा "नाना, कोणती गाडी घेऊ?" असं विचारत आला, की ते गाडीबद्दल एक अक्षर बोलत नसत. आधी त्याच्या पायांकडे बघत आणि म्हणत, "चप्पल काढ." मुलगा गोंधळायचा. बूट असले तर नाडी सोडताना आणखी लाजायचा. मग त्याला अनवाणी एखाद्या उभ्या गाडीवर बसवायचं, आणि नाना स्वतः जमिनीवर उकिडवे बसून त्याच्या टाचेखाली बोट घालून पाहायचे. बोट आत गेलं की मान हलायची. "टाच टेकत नही. हाई गाडी तुनी नही."

एवढ्यावर सुटका नसे. नानांचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं, त्याच्या कोपऱ्यात जुनी पोती अंथरलेली होती. त्यांवर नाना ती गाडी अलगद आडवी करायचे आणि मुलाला सांगायचे, "आते उचल." उचलता आली, तर इंजिन बंद ठेवून ती ढकलत अंगणाला दोन फेऱ्या मारायच्या. हे सगळं झाल्यावर मग गाडीची चर्चा. तिचा रंग, तिचा वेग, ती किती सीसीची, हे नानांच्या लेखी शेवटचं.

आमचं घर आणि त्यांचं गॅरेज यांच्यामध्ये एक गल्ली होती. तुमच्या आजोबांची स्कूटर महिन्यातून दोनदा त्यांच्याकडे जायची, कधी बिघडली म्हणून, कधी आजोबांना गप्पा मारायच्या म्हणून. नाना मूळचे पारोळ्याकडचे. त्यांच्या आधीची तीन भावंडं जन्मून गेली होती, म्हणून हे तरी जगावेत यासाठी ह्यांना जन्मल्याबरोबर सुपात घातलं आणि नाव ठेवलं सुपडू. आपल्या खानदेशात या नावाचे पुष्कळ लोक भेटतील, आणि प्रत्येकाच्या नावामागे अशी एक आई असते. अंगात पांढरा पायजमा-सदरा, डोक्यावर पांढरी टोपी. मेकॅनिकची टोपी पांढरीशुभ्र, हे कसं काय, म्हणून मी एकदा नीट पाहिलं. ते टोपीला बोट लावतच नसत. सरकवायची झाली तर मनगटाने सरकवायचे.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवायची, म्हणून ते मला "बाई" म्हणत. आजोबांना मात्र "भाऊ". एकदा मला म्हणाले, "बाई, तुम्ही पोऱ्यास्ले पास करतस, मी नापास करस. पन मना नापास पोऱ्या जित्ता घर जास." आजोबा खूप हसले. मीही हसले.

नशिराबादच्या एका बागायतदाराचा मुलगा आला होता, ते मला आठवतं. गॉगल, हातात कडं, सोबत तीन मित्र. त्याला सगळ्यांत मोठी गाडी हवी होती. नानांनी तशीच एक दुरुस्तीला आलेली गाडी पोत्यावर आडवी केली. मुलाने जोर लावला, चेहरा लाल झाला, गाडी वीतभर उठली आणि पुन्हा पडली. मित्र खिदळायला लागले. नाना त्यांना म्हणाले, "हसतस कसाले? तुम्ही मांगे बसनार शेतस ना? तुमना जीव बी त्याना हातमां शे." त्या मुलाने शेवटी शंभर सीसीची साधी गाडी घेतली.

आणि रावेरकडची एक केळीवाल्यांची मुलगी आली होती, बापाबरोबर. ती बापापेक्षा पुढे होऊन म्हणाली, "नाना, मला स्कूटी नको, मोटरसायकलच पाहिजे. आमचा रस्ता चिखलाचा आहे." बाप ओशाळून म्हणाला, "ऐकत नाही हो." नानांनी तिलाही चप्पल काढायला लावली. ती गाडीकडे पाठ करून खाली बसली, एक हात हँडलला, एक सीटखाली, आणि पायांच्या जोरावर गाडी सरळ उभी केली. नाना टाळ्या पिटायला लागले. "अरे भो, हाई पोर ट्रॅक्टर बी उभं करी!" त्यानंतर गाडी कशी उचलायची हे ते सगळ्यांना तिच्यासारखं शिकवायचे, आणि सांगायचे की हे मला एका पोरीने शिकवलं.

तन्मय, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच देऊन टाकते, कारण पुढे ते मला जमणार नाही. फोटो पाहून गाडी घेऊ नकोस. दुकानात जा, बूट काढ, दोन्ही टाचा जमिनीला पूर्ण टेकतात का बघ. ती आडवी करून उचलायला मागितली तर तिथले लोक तुला वेडा म्हणतील. म्हणू देत. तुझी तुला उचलता येईल, अशीच घे. दोन वर्षं ती चालव. मोठी गाडी कुठे पळून जात नाही.

आता तुमच्या श्रीकांतमामाबद्दल. हॉलमधल्या त्याच्या फोटोखाली तुम्ही लहानपणी खेळलात. तो अपघातात गेला, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. बाकीचं तुमच्या आईलाही अर्धंच ठाऊक आहे.

श्रीकांतला धुळ्याला नोकरी लागली. तिथे खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी घरी यायचं, म्हणून त्याला मोटरसायकल हवी होती. वय एकवीस, उंची माझ्याएवढी, अंगाने काटकुळा. मीच त्याला नानांकडे पाठवलं. त्याने चप्पल काढली, पोत्यावरची मोठी गाडी उचलायचा प्रयत्न केला आणि हरला. लहान गाडी त्याने झटकन उभी केली. नाना म्हणाले, "दोन साल हाई चालाव, भाऊ. मंग मोठी गाडी मी सोता तुले लई दिसू." दोन वर्षांनी मोठी गाडी घेऊन देण्याचा शब्दच दिला. श्रीकांत थोडा हिरमुसला, पण घरी येऊन म्हणाला, "आई, नाना म्हणतात ते बरोबर आहे. लहानच घेऊ." हे त्याचे शब्द आहेत. मोठी गाडी त्याने मागितली नव्हती.

गाडी आखाजीला घरी आणायची हे मी ठरवलं होतं. आमच्याकडे आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी येण्याचा सण. तुमची आई नवीन लग्न झालेली, पहिल्यांदा आखाजीला येणार होती. भुसावळहून आजोबांचे चुलतभाऊ सहकुटुंब येणार होते. सकाळी गाडीची पूजा, दुपारी आमरस आणि पुरणाच्या पोळ्या. मी सगळं कागदावर मांडलं होतं. माझं काम कसं असतं, तुम्हाला माहीत आहे.

त्या सकाळी शोरूमबाहेर झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्यांची रांग होती आणि जो तो नारळ घेऊन उभा होता. मी, आजोबा, नाना आणि श्रीकांत आत गेलो. विक्रेता म्हणाला, "मॅडम, तुमची गाडी आठ दिवसांनी येईल. वरून मालच आला नाही. पण ही एक तयार आहे. आत्ता पूजा करून घेऊन जा." ती उंच, जड, काळी गाडी होती. श्रीकांत तिच्यावर बसला आणि त्याचा चेहरा उजळला. कुठल्याही मुलाचा उजळला असता. त्याच्या टाचा हवेत होत्या.

नाना म्हणाले, "बाई, आठ दिन थांबा. हाई गाडी पोऱ्याले जड शे."

मी म्हणाले, "नाना, आखाजी आठ दिवस थांबणार आहे का?"

आजूबाजूचे लोक हसले. मला माझं वाक्य छान जमल्यासारखं वाटलं.

श्रीकांत माझ्याकडे बघत होता. "आई, चालेल?" मी "चालेल" म्हणाले. मग नानांना म्हणाले, "सीट थोडी खाली करून द्या ना. तुमच्या हाताला काय अवघड आहे?" माझा शब्द त्यांनी आजवर कधी मोडला नव्हता. जेवणंखाणं झाल्यावर त्यांनी गॅरेजात त्या सीटचा फोम दोन बोटं कापला आणि संध्याकाळी गाडी आणून लावली. "आते सपाट जागावर टेकस, बाई. पन कडेले थांबताना भेव शे. त्याले सांगी ठेवा." मी सांगितलं की नाही, मला आठवत नाही. खूप वर्षं आठवायचा प्रयत्न केला.

भाद्रपदात, एका शनिवारी दुपारी, तो धुळ्याहून निघाला. पारोळ्याच्या पुढे पावसाचे थेंब आले, म्हणून रेनकोट घालायला तो रस्त्याच्या कडेला थांबला. तिथे एक मोरी आहे. नवीन डांबर टाकल्यामुळे रस्ता वीतभर उंच झाला होता आणि मोरीला कठडा नव्हता. तो पाय टेकायला गेला, तर खाली जमीन नव्हती. गाडी त्याला घेऊन मोरीत गेली. समोरच्या चहावाल्याने आणि आणखी दोघांनी मिळून ती त्याच्या छातीवरून काढली. तिघे लागले.

तिसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. भुसावळचे भावजी मोठ्याने म्हणाले, "एवढी उंच गाडी पोराला घेऊन दिली कोणी?"

आजोबा जमिनीकडे बघत होते. दाराशी, सतरंजीच्या कडेला नाना बसले होते. मी म्हणाले, "नानांनी पाहून घेतली होती."

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भावजींकडे बघून म्हणाले, "हां, दादा. मीच दखी लिन्ही." आणि पहिल्यांदाच मी त्यांना टोपी बोटांनी काढताना पाहिलं. ती हातात चुरगाळत बसले.

त्यानंतर गल्लीत, बाजारात, त्यांच्या गावातसुद्धा हेच पसरलं, की सुपडूने गाडी पसंत केली आणि बाईंचा मुलगा गेला. गॅरेजवर मुलं सल्ला विचारायला येईनाशी झाली. आमच्या घरी नाना पुन्हा आले नाहीत. आजोबा मला दोनतीनदा म्हणाले, "तू एकदा बोल त्यांच्याशी." मी म्हणायची, "बोलेन." आजोबा गेले, तेव्हा नाना स्मशानात लांब उभे होते, असं मला नंतर कळलं.

दर आखाजीला मात्र ते सकाळपासून हायवेवरच्या शोरूमसमोर जाऊन उभे राहायचे. आत जाणाऱ्या आईबापांना हात जोडून सांगायचे, "पोऱ्याले चप्पल काढाले लावा. टाच टेकस का तेवढं दखा. नही टेकनी त आठ दिन थांबा. सन परत येस." वॉचमन त्यांना हाकलायचा. एका बापाने सणाच्या दिवशी अपशकुन करतो म्हणून त्यांना ढकललं होतं. एका वर्षी मी रिक्षातून तिथून जात होते. ते मला दिसले. टोपी तशीच पांढरी, पाठ वाकलेली. कोणा एका आईचं ऐकून एक मुलगा खरोखरच बूट काढत होता आणि नाना त्याच्या पायाशी उकिडवे बसले होते. मी रिक्षावाल्याला थांब म्हणाले नाही.

यंदा पौषात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. शेवटची काही वर्षं ते गावीच राहत होते, आखाजीपुरते जळगावला यायचे. दहाव्याला मी गाडी करून तिकडे गेले. अंगणात बायका बसल्या होत्या. नानांच्या पत्नी, लीलाअक्का, भिंतीला टेकून होत्या. मी घरून वाक्यं तयार करून नेली होती, त्यातलं एकही आलं नाही. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अक्का, ती गाडी नानांनी पसंत केली नव्हती. त्यांनी नको म्हटलं होतं. मी घेतली. मी खोटं बोलले."

अक्का म्हणाल्या, "माले माहीत शे, बाई. त्याच दिन घर येयीसन त्यास्नी बठ्ठं खरं सांगं. मी भांडनू. म्हनं, तुम्ही काबरं कबूल कयं? तं म्हने, बाईना पोऱ्या गया. तिना डोकावर आजून कितलं ठेवानं? मना नाववर राहू दे."

मी रडायला लागले. अक्का रडल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी सुनेला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला, आणि मग माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "पन बाई, तो माणूस जित्ता व्हता, तवय तुम्ही काबरं नही उनात?"

चहा आला. मी तो प्यायले. निघताना मी अक्कांच्या पाया पडले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

मुलांनो, नाना नाहीत, श्रीकांत नाही, गॅरेजच्या जागेवर दुसऱ्याच कुणाचं दुकान आहे. अक्का आहेत, मी आहे, आणि नाना जिवंत असताना मी का गेले नाही, हा अक्कांचा प्रश्न अजून तसाच आहे.

तुमची,
आजी