लेखनिक हवा का?

आमचं ऑफिस नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बियाण्यांच्या एका दुकानाच्या वर आहे. पेरणीच्या आधी खाली इतक्या मोटारसायकली लागलेल्या असतात की जिना गाठायला अंग चोरून जावं लागतं. वर आम्ही पाच जण. एका विद्यापीठाची विद्यार्थ्यांसाठीची वेबसाइट आम्ही सांभाळतो. परीक्षेचा फॉर्म, हॉल तिकीट, बोनाफाईड, तक्रार, सगळं त्यावरूनच. माझं काम टेस्टिंगचं. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि लिहून कळवायच्या. फारसं बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडतं.

एके दिवशी विद्यापीठाचं पत्र आलं. ज्यांना दिसत नाही, कमी दिसतं, माउस धरता येत नाही, अशा विद्यार्थ्यांना ही वेबसाइट स्वतः वापरता यायला हवी. तपासून अहवाल पाठवा. सोबत नियमांची लांबलचक यादी होती, इंग्रजीत. ऑफिस चालवणाऱ्या आमच्या सरांनी ती माझ्या टेबलावर ठेवली.

"तू इंग्लिश मीडियमची. तुला झेपेल."

मला ते काम मनापासून आवडलं, हे खरं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम मी कॉम्प्युटरवर टाकला, हेडफोन लावले, आणि एका दुपारी मॉनिटर बंद करून नुसत्या कीबोर्डवर अख्खा परीक्षा फॉर्म भरायला बसले. पहिल्यांदा जन्मतारखेतच अडकले. तारीख निवडायचं ते छोटं कॅलेंडर माउसशिवाय उघडेचना. ते मी दुरुस्त करून घेतलं. बिननावाची बटणं शोधली, फोटोंना वर्णनं लिहिली. तीन आठवड्यांनी मॉनिटर बंद ठेवून फॉर्म शेवटपर्यंत भरता आला, तेव्हा मी एकटीच हसले होते.

फक्त हे सगळं मी इंग्रजी बाजूवर केलं होतं.

पानाच्या वर भाषा बदलायचं बटण आहे. मराठी बाजू मी उघडली, वरवर पाहिली, दोनचार बटणं दाबून पाहिली. आतली रचना एकच आहे, तिकडे चालतं ते इकडेही चालणारच, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण शाळेत मराठीचा तास म्हणजे एक तास होता, आणि त्यात मोठ्याने वाचायची पाळी आली की मी अडखळायचे आणि मागच्या बाकांवरून हसू यायचं. अजूनही मराठी वाचताना माझा वेग पडतो. हेडफोनमधून सरकारी मराठी तासन्‌तास ऐकायची मला धास्ती वाटली. अहवालात 'दोन्ही भाषा तपासल्या' असा एक रकाना होता. त्यात मी 'होय' लिहिलं.

अहवाल गेला. मग विद्यापीठाने कळवलं की एखाद्या प्रत्यक्ष विद्यार्थ्याकडून फॉर्म भरून घ्या आणि तसं कळवा. कॉलेजांना विचारल्यावर मंठा तालुक्यातली एक मुलगी तयार झाली. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, जन्मापासून दिसत नसलेली. ती येणार होती त्याच्या दुसऱ्याच दिवशी परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख होती. सर म्हणाले, बरंच झालं, तिचा फॉर्मही होऊन जाईल.

ती आईबरोबर सकाळच्या एसटीने आली. जिना चढताना एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने आईची पिशवी धरली होती. पिशवी तिने धरली होती, आईला नाही.

"मावशी, पाणी घ्या," मी म्हणाले. एवढं वाक्य मी आधीच ठरवून ठेवलं होतं.

"घेते की. पर आधी हिचं करा बाई. हिनं कालपासून डोकं खाल्लं माझं. म्हन्ते, माझा फॉर्म मीच भरनार."

"मंग? मागल्या साली दुसऱ्यानं भरला, काय झालं?" मुलगी म्हणाली.

काय झालं ते तिने बॅगेतून मोबाइल काढता काढता सांगितलं. मंठ्यात सगळ्यांचे फॉर्म स्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरवर भरले जातात. कागद द्यायचे, बाकावर बसायचं, नाव पुकारलं की प्रिंट घ्यायची. स्वतःचा फॉर्म कुणी स्वतः भरत नाही, डोळे असलेलेही नाहीत. सेंटरवाल्याकडे सगळ्यांचे पासवर्ड एका वहीत असतात, म्हणजे एकच पासवर्ड असतो, गावाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. गेल्या वर्षी फॉर्ममध्ये 'लेखनिक हवा का?', म्हणजे परीक्षेत उत्तरं ऐकून लिहून देणारं कुणी हवं का, असा प्रश्न होता. 'होय' केलं की अपंगत्वाचं प्रमाणपत्र अपलोड करावं लागतं. बाहेर रांग होती. त्याने 'नाही' करून फॉर्म पुढे ढकलला.

"हॉलमध्ये गेल्ते. पेपर दिला हातात. सर म्हनले, लेखनिकाच्या यादीत तुझं नाव न्हाई. तीन तास बसल्ते मी तो कागद घेऊन. सगळं येत होतं ताई मला त्यातलं."

पुढच्या पेपरांना कॉलेजने लेखनिक मिळवून दिला, पण त्या एका विषयासाठी ती यंदा पुन्हा बसणार होती.

तिला आमचा कॉम्प्युटर नको होता. स्वतःच्या मोबाइलवर भरायचा होता. मोबाइल बाईच्या आवाजात इतक्या वेगात वाचून दाखवत होता की मला एक शब्द कळेना, आणि तिची बोटं त्याच्याही पुढे होती. मराठी बाजू लावली. नाव, पत्ता, विषय, सगळं झरझर झालं. सर मागे उभे राहून मान हलवत होते. आणि मग लेखनिकाच्या भागात मोबाइल एकदम बरळायला लागला. सुटी इंग्रजी अक्षरं, मध्येच एखादा कंस, मध्येच टक्क्याची खूण.

ती थांबली. मागे गेली. पुन्हा तेच. मग हसायला लागली.

"ताई, ही बाई कोन्त्या गावची बोली बोलून राह्यली?"

मी पडद्यावर पाहिलं. पडद्यावर स्वच्छ मराठी होती. क्षणभर मला वाटलं, मोबाइलच बिघडलाय. मग कळलं. तो मजकूर परीक्षा विभागाने आपल्या परिपत्रकातून उचलून दिला होता. ऑफिसांमधून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करायची पद्धत अजून आहे. त्यात आतली अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त दिसायला मराठी. डोळ्यांना काही कळत नाही, पण वाचून दाखवणारा प्रोग्राम जे आत आहे तेच वाचतो. मराठी बाजू मी एकदा जरी हेडफोन लावून ऐकली असती तर पहिल्याच मिनिटात सापडलं असतं.

"इंग्लिश करून भर ना," सर तिला म्हणाले.

"इंग्रजी येतं सर थोडं. पर तिथं चुकलं तर मला कळनार न्हाई."

"मग असं करू. मॅडम वाचतील, तू सांग, मॅडम टिक करतील. दोन मिनिटांचं काम. आणि कॉम्प्युटरसमोर बसलेला तुझा एक फोटो काढू, विद्यापीठाला पाठवायला."

आईने लगेच पिशवी उचलली. "भरून टाका बाई जल्दी. दुपारची गाडी हाय."

"मागल्या साली बी असंच म्हनले. भरून टाकतो," मुलगी म्हणाली. ती आता हसत नव्हती. मोबाइल तिने मांडीवर पालथा ठेवला होता.

सगळे माझ्याकडे पाहत होते, तीही तोंड माझ्याच दिशेला करून बसली होती. मला टिक करणं सोपं होतं. फोटो गेला असता, अहवालातला माझा 'होय' तसाच राहिला असता.

"सर," मी म्हणाले, "मराठी बाजू मी तपासलीच नव्हती."

सरांनी टेबलावरची अहवालाची प्रत उचलली. मग हळू आवाजात म्हणाले, "अहवालात तर आहे."

"खोटं आहे ते."

सर म्हणाले, "चालू वेबसाइटच्या मजकुराला विद्यापीठाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. फोन कर. तूच कर."

फोन करायच्या आधी मी बोलायची वाक्यं कागदावर लिहून घेते. तेव्हाही लिहिली, सवयीप्रमाणे मराठी वाक्यं इंग्रजी अक्षरांत. परीक्षा विभागातल्या क्लार्कनी उचलला.

"कोणता फॉन्ट? आमच्याकडं सगळं त्याच्यातच असतं मॅडम. इथं बराबर दिसून राह्यलंय."

"दिसतंय, सर. ऐकू येत नाही."

"ऐकायचं कशाला?"

मी कागद बाजूला ठेवला. मग माझा मोबाइल तिच्या मोबाइलजवळ धरला. तिने लेखनिकाच्या ओळीवर बोट ठेवलं. अक्षरं, कंस, टक्का. पलीकडून त्यांनी विचारलं:

"हे आमचं परिपत्रक हाय का?"

"हो."

"आयला," ते म्हणाले, आणि मग घाईने, "मजकूर तोच ठेवा. शब्द बदलू नका. मी साहेबांना सांगतो, तुम्ही मेल टाका." दहा मिनिटांनी त्यांचं उत्तर आलं: बदल करण्यास हरकत नाही.

मी नव्याने टाइप करायला बसले. मराठी टायपिंग माझं फार हळू. एक ओळ झाली की मुलगी पान रिफ्रेश करून ऐकायची. "हितं 'प्रमानपत्र' दोनदा म्हनली बाई." मी एक खोडायचे. "आता बराबर." मावशी डबा उघडून बसल्या. आम्हा दोघींच्या हातात त्यांनी भाकरीची घडी दिली आणि दुपारची गाडी सोडून दिली.

मग तिने 'होय' निवडलं. प्रमाणपत्राचा फोटो जोडला, पान खाली नेलं, फॉर्म पाठवला. पोच आल्यावर मोबाइलचा वेग कमी करून, सगळ्यांना कळेल असं, लेखनिकाची ओळ तिने मोठ्याने वाजवली. सरांनी फोटोचं नाव काढलं नाही.

"पासवर्ड बदलून ठेव," मी म्हणाले. "लिहून देऊ?"

"नको." तिने कानात इअरफोन घातला. "ताई, तिकडं तोंड करा. आई, तू बी."

आम्ही दोघी मुकाट्याने खिडकीकडे वळलो.

सुधारलेल्या अहवालात मी 'नाही' लिहिलं, आणि कुठली पानं राहिली त्यांची यादी जोडली. सर आठवडाभर कामापुरतंच बोलले. मी मराठी बाजू रोज थोडी थोडी ऐकते. अजून सवय झालेली नाही.

पेपरच्या दिवशी दुपारी तिचा आवाजी निरोप आला. मागे स्टँडचा गलका होता.

"ताई, यादीत नाव होतं. लेखनिक बी आल्ती. पर लई हळू लिहिती हो ती, शेवटचा प्रश्न अर्धाच ऱ्हायला. तक्रारीचा फॉर्म कुठं हाय? मराठीतला सांगा."

तक्रारीचं पान राहिलेल्या पानांच्या माझ्या यादीत खालून दुसरं होतं. मी तिला "उद्या सांगते" असं बोलून पाठवलं, हेडफोन लावले आणि ते पान उघडलं.