समोरासमोरचे बाक

आम्ही शेजाऱ्यांनी पुढाकार घेऊन दुरुस्त करवलेल्या जुन्या बागेत रविवारी आम्ही चौघे जमलो. जुन्या छायाचित्राबरहुकूम बारा बाक एका ओळीत, कारंज्याकडे तोंड करून बसवले होते. आमच्यातले नाना टोकाला खाली बघत बसले होते. त्यांना ऐकू कमी येतं. समोरच्याचे ओठ पाहून ते बोलणं समजून घेतात.

“नाना, कारंजं बघा की!” मी त्यांच्यासमोर जाऊन म्हणालो.

“बघितलं. ते काय गप्पा मारणार आहे माझ्याशी? उद्यापासून घरीच बसतो मी.”

छायाचित्रातले बाक रिकामे होते. बाग जपताना आम्ही दगड-लोखंड मोजलं. गप्पांना किती जागा लागते, ते मोजलंच नाही.

पालिकेला विचारून दोन बाक समोरासमोर करून घेतले. गवंडी आठशे म्हणाला. नानांनी त्याला समोर बसवून मनसोक्त घासाघीस केली आणि शेवटी आठशेच दिले.