शमशादआपांचं तिकडं

टाचण्या ओठांत धरून बोलायच्या. ऐकणाऱ्यालाच भीती वाटायची.

कात्री हाताशी असली तरी दोरा दातानं तोडायच्या.

परत आलेला पोशाख आधी हुंगायच्या, मग उलटा करायच्या. वाघाच्या पायात ओल लागली तर न बोलता वाघ धुवायला टाकायच्या. स्टेजवर कुठलं पोर घाबरलं होतं हे शाळेला कधी कळलं नाही.

खिशात सापडलेलं फेकायच्या नाहीत. एका बरणीत ते सगळं होतं. चिंचोके, गोळ्यांचे कागद, एक दुधाचा दात.

पोराचं माप टेपनं घ्यायच्या नाहीत. दोन्ही खांद्यांवर हात ठेवायच्या आणि "हं" म्हणायच्या.

कपाट उघडण्याआधी दारावर टिचकी मारायच्या. आत कोण असायचं ते त्यांनाच ठाऊक.

चहा बशीत ओतायच्या आणि विसरायच्या.

आपा गेल्या त्याला महिना होत आला. त्यांच्याविषयी 'होत्या', 'करायच्या' असं मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

भिंगारच्या बाजारात त्यांचं ड्रेपरीचं दुकान होतं. शाळांच्या गॅदरिंगला पोशाख भाड्यानं द्यायचं. जिजाऊ, मावळे, वाघ, ससा, गाजर, डॉक्टर, सैनिक. त्यात सैनिक सगळ्यात चांगले. आपांचे मिस्टर गनीभाई लष्करातल्या लोकांचे युनिफॉर्म शिवायचे. पोरांचे सैनिकही त्यांनी त्याच हातानं शिवले. तीच खांद्याची पट्टी, तीच खिशाची घडी. गनीभाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. सैनिकांची एक शिवण उसवली नव्हती.

मी मराठीत एम.ए. केलं आणि घरी बसले. एकदा भाचीचं गाजर परत द्यायला दुकानात गेले. गाजराचं एक पान तुटलं होतं. मी पैसे पुढं केले. आपांनी सुई पुढं केली. "बस," म्हणाल्या. मी बसले. नंतर रोजच जाऊ लागले.

धंद्याचा त्यांचा एक नियम होता. "कपडा दिला की त्यांचा, आला की आपला." एका शाळेनं नवरीचा शालू भुतासाठी वापरला होता. मी चिडले. आपा हसल्या. भूत झाल्यावर नवरीला जरा मोकळं वाटलं असेल, म्हणाल्या.

कपाटातला खालचा कप्पा भाड्याचा नव्हता. तिथं 'तिकडचे' राहायचे.

कोरोनात शाळा बंद होत्या. गॅदरिंग नव्हतं. पोशाख कपाटात लटकून होते आणि आपांचे हात रिकामे. तेव्हा त्या चिंध्या जोडू लागल्या. त्यातून एक प्राणी झाला. तो पृथ्वीवरच्या कुणासारखा नव्हता. मग त्याला राहायला जागा लागली. जागेला नाव ठेवायचं त्यांना सुचलं नाही. एक ग्रह आहे, लांब आहे, म्हणून तिकडं.

तिकडं झुलवे होते. कृष्णाच्या पितांबराच्या उरलेल्या तुकड्यांचे. त्यांना कान नाहीत. बाह्या जमिनीपर्यंत लोळतात आणि बाहीनंच ऐकू येतं. दुसऱ्याचं ऐकायचं तर त्याच्या अंगावर बाही ठेवायची. तिकडं गादोबा होता, जुन्या गादीच्या फोमचा, सावकाश चालणारा. त्याच्या पाठीवर कुणीही झोपावं. आणि उसनी वेल होती. ती कांद्याच्या लाल जाळीच्या गोण्यांची. तिला स्वतःची मुळं नाहीत. ज्याच्या शेजारी बसेल त्याची घटकाभर मागून घेते.

आणि तिकडं कुणाचंच अंग कायमचं स्वतःचं नसतं. सकाळी ज्याला जे लागेल ते त्यानं दुसऱ्याकडून मागून घालायचं. रडायचं असेल तर गादोबाचं घालायचं, त्यातून आवाज बाहेर येत नाही. संध्याकाळी धुऊन परत द्यायचं.

"हे तर आपलं दुकानच झालं," मी म्हणाले.

"मग? मला दुसरं काय येतं?"

फाटलं तर काय, असं मी विचारलं. ज्यानं फाडलं त्यानं शिवायचं. शिवता येत नसेल तर शिकायचं. मग विचारलं, तिकडं मरतात का?

"मरतात की. पण तिकडं मरायला दुसरं कुणी लागत नाही."

गेल्या हिवाळ्यात अजिनाथ सर दुकानात आले. नगरमधल्या एका इंग्रजी शाळेचं गॅदरिंग ते बसवायचे. त्यांना परग्रहावरच्या सहलीचं नाटक करायचं होतं. हिरवे चेहरे, डोक्यावर स्प्रिंगा, असलं काही आहे का, म्हणून विचारत होते. आपांनी टिचकी मारून कपाट उघडलं. खालचा कप्पा पहिल्यांदाच बाहेर आला. सर बघत राहिले. "आपा, हे तर कुणाकडंच नाही," म्हणाले. आपांनी ओठांतल्या टाचण्या काढल्या. कौतुक ऐकायला तोंड मोकळं लागतं, तशा.

उभ्या जन्मात त्यांनी दुसऱ्यांचे वाघ आणि दुसऱ्यांच्या राण्या शिवल्या होत्या. ही एकच गोष्ट त्यांची होती. ती एकदा उजेडात, लोकांसमोर, आहे तशी उभी राहावी एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी मशीनला तेल घातलं. गादोबा सोडून प्रत्येक प्राण्याचे पाच-पाच केले. सगळ्यांना हूक काढून नाड्या लावल्या. नाटकाचा शेवट त्या नाड्यांवर होता. संध्याकाळ होते, सगळे एकमेकांची अंगं उतरवून परत देतात. पोरांनी स्टेजवरच, सगळ्यांच्या देखत, अदलाबदल करायची. पडदा. मी निवेदन लिहून दिलं. सरांना आवडलं.

शाळेच्या ऑर्डरीत सैनिकही होते. आपांनी त्याबद्दल विचारलं नाही. मीही नाही. सैनिक प्रत्येक गॅदरिंगच्या ऑर्डरीत असतात. देशभक्तीच्या गाण्याला लागतात. दुकानात बसणाऱ्या कुणालाच त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नसतं.

गॅदरिंगला आम्ही विंगेत उभ्या होतो. आपांच्या हातात सुईदोरा होता. सहलीचं यान उतरलं. झुलवे निघाले, गादोबा निघाला, उसनी वेल हलली. मैदानावर एकदम शांतता पसरली.

मग बिगूल वाजला. समोरच्या विंगेतून गनीभाईंचे सैनिक आले.

त्यांच्या हातात प्लास्टिकच्या बंदुका होत्या. स्पीकरवरून गोळ्यांचा आवाज येत होता. गादोबा आधी पडला, मग वेली. कुणीतरी लाल रंगाच्या पिशव्या फोडत होतं. पालक उभे राहून शूटिंग करत होते. माझं निवेदन कुठंच नव्हतं.

एक झुलवा उभा राहिला. आत दुसरीतली सृष्टी होती. तिच्या जोडीचा पडला होता. तिनं वाकून आपली बाही त्याच्यावर ठेवली. माप घेताना आपांनी तिला तसं शिकवलं होतं. ती ऐकत होती. लोक हसायला लागले. पलीकडून सरांचा हात दिसला, खाली, खाली. एका सैनिकानं तिला परत गोळी घातली. ती आधी बसली, मग आडवी झाली. सगळ्यात मोठ्या टाळ्या तेव्हा पडल्या.

अजिनाथ सर वाईट नाहीत, हे मला लिहायला हवं. आधी तालमीला बसलेले पालक मोबाईल बघत होते. मुख्याध्यापिका म्हणाल्या, यात काही घडतच नाही. पडदा पडल्यावर सर घामेजून विंगेत आले आणि आपांसमोर हात जोडून उभे राहिले.

"चिडू नका आपा. नाटकाला शेवट लागतो."

"होता की शेवट. धुऊन परत द्यायचे होते."

"टाळ्या ऐकल्या ना? पोरांना इतक्या टाळ्या कधी मिळाल्या होत्या?" मग हसून, समजूत घातल्यासारखं म्हणाले, "आणि तुम्हीच सांगता, कपडा दिला की आमचा."

आपांनी सुई ओढणीत टोचून ठेवली.

"बरोबर," म्हणाल्या. "मीच सांगते."

रिक्षात त्या बाहेर बघत होत्या. कॅन्टोन्मेंटची हद्द लागल्यावर एकदाच बोलल्या.

"गनीभाईंचं काम बघितलंस? एक शिवण हलली नाही."

पोशाख परत आले. त्यांनी हुंगले नाहीत. थेट पाण्यात टाकले. पितांबरावरचा रंग निघाला, फोममधला निघाला नाही. गादोबा पिळला की गुलाबी पाणी यायचं. आपा रोज एकदा पिळायच्या.

मग फोन सुरू झाले. व्हिडिओ सगळीकडं फिरला होता. त्या सीझनला दुकानाला फुरसत नव्हती. मिरजगावच्या शाळेला तेच नाटक हवं होतं, घोडेगावच्यालाही. आपा प्रत्येकाला एकच उत्तर द्यायच्या. "जनावरं मेली. सैनिक आहेत, ते न्या." लोकांना तो विनोद वाटायचा. ते हसायचे आणि सैनिक न्यायचे. हिरव्या चेहऱ्यांची सोय त्यांनी दुसरीकडून केली असणार.

मी म्हणाले, सैनिक तरी देऊ नका. आपांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "ते माझे नाहीत. गनीभाईंचे आहेत," म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी एक नवा प्राणी शिवायला काढला. खाली सायकलच्या चाकाची रिंग. कमरेशी दुसरी. मध्ये बांबूच्या कामट्या, बसायच्या वेताच्या मोड्याला असतात तशा. वर कापड. तीन बाजूंना तीन तोंडं, सहा बाह्या. त्याला नाव नव्हतं. आधीचे प्राणी शिवताना आपा गुणगुणायच्या. हा शिवताना तोंडात फक्त टाचण्या.

एका दुपारी त्यांनी तो माझ्या अंगावर चढवला.

"पड," म्हणाल्या.

मी आत खाली बसले. गुडघ्यांत डोकं घातलं. आत अंधार होता, कापडातून थोडा तांबडा उजेड येत होता.

"पडलीस?"

"पडले."

"इकडून बघ म्हणजे कळेल. हा उभाच आहे." थांबून म्हणाल्या, "आतल्या पोराचं काही करता येत नाही मला. पण हा पडायचा नाही."

त्या हसल्या. ते हसणं मला बाहेरून बघायला मिळालं नाही.

चार दिवसांनी दुपारच्या नमाजानंतर त्या आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत. बशीतला चहा तसाच होता.

त्यांचा मुलगा आवेज पुण्याहून आला. दुकानाची जागा भाड्याची, ती सोडायची होती. नगरचे एक ड्रेपरीवाले टेम्पो घेऊन आले. त्यांनी सैनिक आधी उचलले, खांद्याच्या पट्ट्या बोटांनी चाचपून. मग वाघ, राण्या, गाजर. खालच्या कप्प्याशी थांबले.

"हे काय आहे?"

आवेजनं माझ्याकडं बघितलं. आईनं त्याला तिकडचं काही सांगितलं नव्हतं. मी एका झुलव्याची लोळणारी बाही उचलून धरली.

"कचरा आहे का, ताई?" त्यानं हळू विचारलं.

"नाही."

"मग तुम्ही ठेवता?"

ते माझ्या खोलीत आहेत. गादोबाला अजून ओला वास येतो. नवा प्राणी खिडकीशी उभा आहे. त्याच्या तिसऱ्या तोंडाला डोळे नाहीत. कापडाची खालची पट्टी रिंगला अर्ध्यापर्यंत शिवली आहे, आपांच्या बारीक टाक्यांनी. पुढं टाचण्या लावल्या आहेत, आणि सुई दोऱ्याला लटकते आहे.